पिंपाचा पहिला घास

स्वतःच्या चपलांत पाय शिरेनात, म्हणून सनिय्याने त्या शुक्रवारी सकाळी आपल्या दिवंगत नवऱ्याच्या चपला चढवल्या. मन्सूऱ्याच्या इस्पितळातून घरी येऊन तिला एकवीस दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत तिने घरात तीन गोष्टी ठणकावून सांगितल्या होत्या: आपण आता बऱ्या आहोत, आपण मीठ सोडलं आहे, आणि यंदाची पिंपं आपणच उघडणार आहोत. पहिल्या दोन गोष्टी घरात कोणाला पटत नव्हत्या. तिसरी मात्र सगळ्या नबरोह गावाने धरून ठेवली होती.

सोमवारी शम्म नसीम, वसंताचा सण. त्या दिवशी नदीकाठी सतरंजी टाकून हिरव्या कांद्याबरोबर खारवलेला बोई मासा खायचा नाही, तर मग वसंत आला तरी कशाला, असं मानणारी माणसं इथे घरोघर. मशिदीत जाणारी काय आणि चर्चमध्ये जाणारी काय, या एका बाबतीत त्यांचं कधी भांडण नसतं. सनिय्याच्या अंगणात सावलीला अकरा पिंपं उभी होती. जाड्या मिठात थरावर थर रचलेला मासा त्यांत महिनाभर मुरत होता. दुपारी तीनला पहिलं पिंप उघडायचं होतं.

उघडण्याची रीत तिच्या बापाने, मुअल्लिम म्हणजे उस्ताद रिज्कने, घालून दिलेली. खारवलेला मासा बिघडला तर पोट बिघडवून थांबत नाही, माणूस घेऊन जातो. म्हणून रिज्कने ठरवलं की पिंपातला पहिला घास घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत खायचा. चूक झालीच असेल तर ती आधी आपल्या घराला भोवू दे. बाप गेल्यापासून छत्तीस वर्षं तो घास सनिय्या खात होती. तल्ख्यापासून पार कैरोपर्यंतची माणसं मासा न्यायला येत ती त्या एका घासाच्या भरवशावर.

जुम्म्याच्या नमाजाआधीच दारात गाडी थांबली आणि तिचा धाकटा भाऊ शौकी उतरला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, सदुसष्ट वर्षांचा, ताठ, पोट म्हणून नाही. सात वर्षांमागेच खुर्ची सुटली, तरी गाव त्याला अजून बाशमुहंदिस, मुख्य इंजिनिअर, म्हणूनच हाक मारायचं, आणि त्यालाही ती हाक आवडायची. त्याच्या मागून त्याची मुलगी नर्मीन उतरली, हातात डॉक्टरची बॅग घेऊन. बॅग पाहिली आणि सनिय्याच्या लक्षात आलं की आज सणाचा पाहुणा आलेला नाही, कोणीतरी बोलावून आणलेला आहे.

तिने सुनेकडे पाहिलं. सबाह कांदे निवडत होती आणि कांद्यात एवढं पाहण्यासारखं काय आहे कोण जाणे, मान वर करायला तयार नव्हती. तिच्या मुलाने, मितवल्लीनेही, बायकोकडे पाहिलं. दुकान तोच सांभाळायचा. सणाच्या तोंडावर घरात डॉक्टर आणून बसवणं म्हणजे धंद्यावर दगड टाकणं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आई बरी आहे असं तो स्वतःला आणि गिऱ्हाइकांना रोज सांगत होता, आणि दिवसातून इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट माणसाला हळूहळू खरी वाटू लागते.

"चपला कुणाच्या, अब्ला?" शौकीने थोरल्या बहिणीच्या गालाला गाल लावता लावता खाली पाहिलं.

"माझ्या नवऱ्याच्या. त्याची काही हरकत नाही," सनिय्या म्हणाली.

शौकी हसला नाही. तो आल्यापासूनच हुकूम सोडायच्या तयारीत होता. बसायच्या आत त्याने सांगून टाकलं की पुरे झाला हा पसारा, पिंपं मितवल्लीच्या गळ्यात घाला आणि तू मन्सूऱ्याला माझ्याकडे चल, चौथ्या मजल्यावर आहे पण लिफ्ट आहे. मितवल्लीने तेवढ्याच गोडीत उत्तर दिलं की मामा, वर्षातून दोनदा येता आणि दोन्ही वेळा आम्हाला उठवून न्यायची भाषा करता. सबाह मान खाली घालूनच पुटपुटली की मामा बरोबर बोलतायत. नवरा बायकोवर डाफरला, मामा भाच्यावर डाफरला, आणि जिच्यावरून हे चाललं होतं ती सनिय्या श्वास पुरेना म्हणून मध्ये बोलूच शकली नाही. हे फक्त नर्मीनच्या लक्षात आलं. तिने आत्याच्या कोपराला धरलं आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेली.

खोलीत नर्मीनने आधी काहीच विचारलं नाही. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला, काढला, आणि तिथे पडलेला खड्डा भरायला किती वेळ लागतो ते बघत बसली. मग पाठीला नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या. सनिय्याला ही भाची आवडायची. मुलगी इस्पितळात असायची खरी, पण गेली दोन वर्षं गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या हृदयाची पाहणी करत होती. कोणाच्याही ओसरीवर बसायची, कोणाचाही चहा प्यायची आणि हजार प्रश्न विचारायची.

"गोळ्या घेतेस?"

"घेते."

"पाण्याची?"

सनिय्याने खिडकीकडे पाहिलं. मग तिने खरं ते सांगितलं. पाण्याची गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. संडास अंगणाच्या पलीकडे. अंगणात दिवसभर गिऱ्हाइकं, हमाल, मिठाच्या गोण्या उतरवणारे. एकाहत्तर वर्षांच्या हाज्जाने दहा पुरुषांमधून दिवसातून दहादा तिकडे जायचं म्हणजे काय? म्हणून दुकान उघडं असतं त्या दिवशी ती गोळी घेत नव्हती. आणि सणाच्या आधी दुकान रोजच उघडं असतं.

"डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"डॉक्टर उभ्या उभ्या बोलला. बाहेर दीडशे माणसं. त्याने विचारलं, समजलं ना हाज्जा? मी म्हटलं, समजलं. तू असतीस तर काय म्हटलं असतंस?"

नर्मीनने मान डोलावली, तिला हे उत्तर आधी पुष्कळ ओसऱ्यांवर मिळालेलं असावं. मग तिने मिठाचं विचारलं. सनिय्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की इस्पितळातून आल्यापासून खारवलेला मासा खाल्लेला नाही, लोणचं नाही, चीज नाही, सबाह अळणी रांधते आणि आपण मुकाट्याने गिळतो, विचार तिला. सबाह दारात आली होती. तिने खरं आहे म्हणून सांगितलं, पण गेली नाही, तिथेच उभी राहिली.

"अम्मा खात नाहीत," ती म्हणाली. "पण चाखतात."

सनिय्याला सुनेचा राग आला. सतरा वर्षं या घरात राहून बाईला खाणं आणि चाखणं यातला फरक कळू नये? खाणं म्हणजे भाकरी घेऊन बसणं. चाखणं म्हणजे काम. सुतार लाकडावरून हात फिरवतो तेव्हा तो काही लाकूड खात नाही. उघडण्याच्या आधी सात दिवस, रोज, प्रत्येक पिंपातला एक मासा वर काढायचा आणि कल्ल्यामागचा, नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा, एवढंच. मीठ तिथेच आधी शिरतं आणि बिघाडही तिथेच आधी. गेली काही वर्षं ती हे करत आली होती.

"जिभेवर ठेवतेस आणि थुंकतेस?" नर्मीनने विचारलं.

"देवाने दिलेला मासा थुंकू?"

नर्मीनने सबाहला एक तुकडा आणायला लावला, सनिय्या कापते तेवढाच. बशीत आला तो नखाएवढा नव्हताच, अंगठ्याएवढा होता, आणि तोही सनिय्याच्या अंगठ्याएवढा. अकरा पिंपं, सात दिवस. नर्मीनने तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि तिचा चेहरा उतरला. तिने शांतपणे सांगितलं की फुफ्फुसांच्या तळाशी पाणी पुन्हा चढायला लागलं आहे. आत्ता गोळी घेतली आणि मिठाचा कणही पोटात गेला नाही तर ते घरच्या घरी उतरेल. पण आजपासून एकामागून एक पिंपं उघडणार आणि प्रत्येक पिंपाचा घास तू खाणार असशील, तर सोमवारचा सण तू पुन्हा त्याच खाटेवर काढशील, आणि या खेपेला तिथून परत आणता येईलच असं मी सांगत नाही.

मितवल्लीही दारापाशी येऊन ऐकत होता. आतापर्यंत आईच्या बाजूने उभा असलेला तो मुलगा भिंतीला टेकला. आईने डॉक्टरांचं ऐकलं नाही याचं त्याला वाईट वाटलं की आपण एकवीस दिवस बघितलं नाही याचं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो एवढंच म्हणाला की आज घास मी खातो.

"तू दुकानदार," सनिय्या म्हणाली. "दुकानदाराने खाल्लं तर लोक म्हणतील विकायचंय म्हणून खाल्लं. घरातल्या मोठ्याने खायचं असतं."

इथे शौकीचा संयम सुटला. तो नमाजाहून परतला होता आणि दारातल्या गर्दीत त्याने शेवटचं तेवढं ऐकलं होतं. त्याने आवाज चढवला नाही, तो कधीच चढवायचा नाही, पण ऑफिसात कारकुनाशी बोलावं तसं तो बोलला. "अब्ला, साधी गोष्ट आहे. खारट बंद म्हणजे बंद. शाळेतल्या पोरालाही समजतं ते. तुला एवढंही समजू नये?"

हे वाक्य सनिय्याने भावाच्या तोंडून वेगवेगळ्या रूपांत साठ वर्षं ऐकलं होतं आणि साठ वर्षं ते खाली मान घालून गिळलं होतं. तिला बोचलं ते दुसरंच. तिला वाटलं, हा खरंच बोलतोय. शाळेतल्या पोराला समजलं असतं.

उत्तर दिलं ते नर्मीनने. ती उठली, बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा रक्तदाब पहिल्यांदा कधी मोजला?"

शौकी गोंधळला. "पंचेचाळीसाव्या वर्षी असेल. ऑफिसच्या दवाखान्यात. दरवर्षी तपासणी असायची, कंपल्सरी. का?"

"आणि आत्याचा?"

कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तिनेच सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी, गेल्या महिन्यात, रुग्णवाहिकेत.

मग नर्मीन बोलत राहिली, आणि बोलताना ती बापाची लेक उरली नाही, ओसरीओसरीवर बसणारी ती डॉक्टर झाली. दोन वर्षांत तिने अकराशे म्हाताऱ्या माणसांची हृदयं ऐकली होती. वय तेच, गाव तेच, पाणी तेच. पण ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, ज्यांच्या हाताला पेन्शन नाही, एक दिवस दुकान बंद ठेवणं परवडत नाही, त्यांची हृदयं आधी थकतात. मूर्ख म्हणून नाही. दुखतं तेव्हा ती जातात, आणि दाब दुखत नाही. डॉक्टर त्यांच्याशी तीन मिनिटं बोलतो आणि शिकलेल्याशी दहा. कागद हातात मिळतो तो त्यांना वाचता येत नाही, आणि येत नाही हे सांगायला लाज वाटते. "माझ्या पाहणीत मी घरच्याच दोन माणसांची नावं घातली, बाबा. एकाखाली एक. बाप तोच, आई तीच, लहानपणी ताटात तेच. आजोबाही हृदयानेच गेले, म्हणजे रक्तातला दोष दोघांनाही सारखाच. फरक दिसला तो एकाच रकान्यात, शाळेच्या. तुमच्यापुढे सोळा वर्षं, आत्यापुढे अडीच."

शौकी पलंगाच्या कडेवर बसला. त्याचा चेहरा मोठ्या माणसाचा राहिला नाही. अडीच वर्षं कशी ते त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते कधी कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. माशाचा काटा रुतून रिज्कचा उजवा हात चिघळला, वर्षभर तो हात उचलू शकला नाही, आणि मासा धुवायला कोणीतरी हवं होतं. सनिय्या तिसरीत होती, शौकी चार वर्षांचा. पोरीला शाळेतून काढलं. पुढे हात बरा झाला, पण तोवर पोरगी धुण्यात तरबेज झाली होती आणि शौकी शाळेत जायच्या वयाचा झाला होता. त्याच्या वह्या त्या माशातून आल्या, त्याची अलेक्झांड्रियातल्या कॉलेजची वर्षं त्या माशातून आली.

"मला वाटायचं मी हुशार होतो," शौकी हळूच म्हणाला.

"होतास की," सनिय्या म्हणाली. "मीही होते."

ती हे रागाने म्हणाली नाही, आणि म्हणूनच शौकीला ते सहन झालं नाही. त्याने चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुसत राहिला. सबाहने पाण्याचा पेला आणि ती पांढरी गोळी सासूच्या हातात दिली. सनिय्याने ती सगळ्यांसमोर घेतली. मग तिने नर्मीनला विचारलं की बाई, तुझं सगळं ऐकलं, आता हे सांग की अडीचाचे सोळा आता होतात का? नसतील होत तर एवढी गावं कशाला हिंडतेस?

नर्मीन तिच्याजवळ बसली. शाळा परत देता येत नाही, असं ती म्हणाली, पण शाळेने बाबांना जे दिलं ते दुसऱ्या वाटेने देता येतं. कोणीतरी बसून समजावणारं. दाब मोजायला घराजवळ यंत्र. गोळी घ्यायला लाज वाटू नये अशी सोय. ज्या गावांत एवढं झालं, तिथली तुझ्याच वयाची माणसं इस्पितळात निम्म्याने कमी गेली, मी स्वतः बघितलंय. "तुझं हृदय थकलंय आत्या, संपलेलं नाही. पाणी उतरलं, मीठ सुटलं, तर ते अजून पुष्कळ चालेल."

मितवल्लीने लगेच जाहीर केलं की उद्याच गवंडी बोलावतो आणि या खोलीलाच लागून संडास बांधतो. सनिय्याने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती त्याला तेच सांगत होती.

पण तीन वाजायला आले होते आणि अंगणात खुर्च्या लागत होत्या. खरा प्रश्न तिथेच होता. घास कोण खाणार? नर्मीनने विचारलं की चाखल्याशिवाय मासा कळतच नाही का? तेव्हा सनिय्याने घरात आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. जिभेला काहीच कळत नाही. मिठापुढे जीभ आंधळी होते. सगळं नाकाला कळतं आणि अंगठ्याला, दाबलं की मांस परत वर येतं का ते. बापानेही तिला नाकच शिकवलं होतं. चाखायला तिने सुरुवात केली सहा वर्षांमागे, लांबच्या एका गावात कोणाच्या तरी बिघडलेल्या माशाने एक अख्खं घर दगावलं तेव्हापासून.

"नाक म्हणतं ठीक आहे," ती म्हणाली. "पण मन म्हणतं, म्हातारी झालीस, नाक चुकलं असेल तर? माझ्या माशाने कोणाचं लेकरू गेलं तर? म्हणून मी सात दिवस खाते. मला काही झालं नाही तर लोकांना होणार नाही."

ते ऐकून मितवल्ली रडला. चाळीशी ओलांडलेला, मिशीवाला माणूस, पण रडला, आणि सबाहने त्याला बाहेर पाठवलं की जा, खुर्च्या नीट लाव.

सनिय्या उठली. नवऱ्याच्या चपलांत पाय घातले, दारापर्यंत गेली आणि वळून भावाकडे पाहिलं. तिच्या डोक्यात एक विचार आला होता आणि तो तिला एकाच वेळी भयंकर आणि अगदी सरळ वाटत होता. रिज्कची दोनच लेकरं. मोठी थकली तर पुढचा मोठा कोण? शौकीने आयुष्यात पिंपाचा मासा चारचौघांत खाल्ला नव्हता. त्याची बायको घरी हवाबंद डब्यातला मासा आणायची, तो दर वर्षी वर्तमानपत्रातली विषबाधेची बातमी कापून मितवल्लीला पाठवायचा, आणि आज त्याच्या बहिणीला समजत नाही म्हणून तो चिडला होता.

"नर्मीन," तिने विचारलं, "तुझ्या बापाचं हृदय कसं आहे?"

"उत्तम. त्यांना एका घासाने काही होत नाही."

"ऐकलंस?" सनिय्या शौकीला म्हणाली. "ते हृदय चांगलं राहिलंय. मग आज ते कामाला लाव."

शौकीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला. तो म्हणाला नाही की मी खाणार नाही. तो म्हणाला, "अब्ला, मला त्यातलं काही कळत नाही."

"तुला कळायची गरज नाही. मी वास घेईन. तू खा."

अंगणात तीसेक माणसं होती. पुढच्या खुर्चीवर तल्ख्याचा हाजी बदीर, रिज्कच्या काळापासूनचं गिऱ्हाईक, हातातली काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून बसला होता. मितवल्लीने पिंपाचं झाकण काढलं. वास आला तसा पुढच्या रांगेतल्यांनी मान मागे घेतली आणि मग पुन्हा पुढे केली, नेहमीसारखी. सनिय्या पिंपाशी वाकली. छातीत दाटत होतं, पण तिने घाई केली नाही. वरच्या थरातला मासा काढला, मीठ झटकलं, कल्ला उघडून नाक लावलं. अंगठ्याने पाठ दाबली. मग सबाहला जवळ बोलावलं, सगळ्यांसमोर, आणि म्हणाली की नाक घाल इथे, आणि काय येतं ते सांग. सबाहला सतरा वर्षांत माशाची पारख कधी कोणी विचारली नव्हती. तिने वास घेतला, घाबरत घाबरत म्हणाली की तिखट आहे पण स्वच्छ आहे, आंबट नाही. सनिय्याने मान डोलावली. तिलाही तेच आलं होतं.

तिने मासा सोलला, गुलाबी मांसाचा तुकडा भाकरीच्या चतकोरावर ठेवला, लिंबू पिळलं. लोक वाट पाहत होते की हाज्जा तो तोंडात घालेल. तिने तो भावासमोर धरला.

अंगणात कुजबुज झाली. हाजी बदीरने काठी आपटली आणि विचारलं की हे काय, यंदा हाज्जा खात नाही? मासा बरा नाही का? मितवल्ली काहीतरी सांगायला पुढे सरला, पण शौकीने हाताने त्याला थांबवलं. घास हातात घेऊन तो पिंपाशेजारी उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, पुसलेला चष्मा.

"माझ्या बहिणीचं हृदय थकलंय," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "तिला मीठ चालत नाही. रिज्कच्या घरातला पुढचा मोठा मी. मासा चांगला आहे असं ती म्हणते. मला तेवढं पुरे आहे."

"बाशमुहंदिस, तुम्ही तर पेपर वाचणारे," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघे तिघे हसले.

शौकीने घास तोंडात घातला.

सनिय्या सबाहच्या आधाराने उभी राहून बघत होती. छत्तीस वर्षं हा घास तिनेच खाल्ला होता, आणि त्याआधी बाप खायचा तेव्हा ती मागे मासे धूत असायची. पहिला घास खाणाऱ्या माणसाचा चेहरा तिने आजवर पाहिलाच नव्हता. भावाच्या चेहऱ्यावर आता भीती होती, खरी भीती, लहान पोराला असते तशी, आणि तरी तो चावत होता. तिच्या नाकावर जीव ठेवून चावत होता. मिठाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की आणखी कशाने, ते अंगणात कोणाला कळायचं कारण नव्हतं. सनिय्याच्या छातीवर सहा वर्षं बसलेलं काहीतरी हललं. नाक चुकलेलं नाही, तिला वाटलं. माझं नाक चुकलेलं नाही.

हाजी बदीर पुढे झुकला. "कसा आहे, बाशमुहंदिस?"

शौकीच्या तोंडात अजून घास होता. त्याने हात वर केला, बोलायचा प्रयत्न केला, त्याला जमलं नाही.

"थांबा जरा, हाजी," सनिय्या म्हणाली. "गिळू द्या त्याला. इथवर यायला साठ वर्षं लागली आहेत."